सहाशेच्या स्टिकरखाली साडेचारशेचं स्टिकर

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात मी एकवीस वर्षं वायरिंग आणि टेस्टिंग करतोय. मोटरची नेमप्लेट, म्हणजे तिची ताकद लिहिलेली पट्टी, वाचल्याशिवाय आम्ही तिला केबल लावत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणीही विचारेल की अहो, मग तुम्हाला कळलं कसं नाही? बहिणीनेही तेच विचारलं.

भाच्याला ॲनिमेशनच्या क्लाससाठी कॉम्प्युटर हवा होता. म्हणजे आईला सांगायला क्लाससाठी. खरं काय ते मामाला ठाऊक होतं. बहीण म्हणाली, "दादा, तू बरोबर जा, तुला इलेक्ट्रिकचं कळतं." 2023 च्या दिवाळीत पाडव्याला घ्यायचं ठरलं. आधी आठ दिवस कॉलेज रोड, शरणपूर रोड, मेन रोड असं फिरून तीन-चार कोटेशनं घेतली आणि त्यातल्या सगळ्यात स्वस्त दुकानात पैसे भरले. रायझन 5 5600 प्रोसेसर, 12 जीबीचं आरटीएक्स 3060 ग्राफिक कार्ड, काचेचं केबिनेट, आणि यादीच्या तळाशी एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, 550 वॅट ब्रॉन्झ (ब्रॉन्झ हा त्याचा दर्जा), 4,800 रुपये. कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं होतं. ते मी डिलीट केलं नाही, एवढीच त्या सबंध व्यवहारात माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट.

बिलाचं विचारलं तर मालक म्हणाला, "पक्कं बिल देतो ना सर, पण मग जीएसटीचे अठरा टक्के वरून लागतील." आम्ही एस्टिमेटच्या चिठ्ठीवर भागवलं. लोभ आमचाही होता, तो लपवत नाही.

मशीन जोडून तयार झालं तेव्हा पोऱ्या म्हणाला, "साडेपाचशेचा पीस संपला होता म्हणून सहाशेचा टाकलाय. पैसे तेवढेच." भाचा खूश, मीही खूश. पन्नास वॅट फुकट! आज आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. महागाची वस्तू संपली म्हणून त्याहून मोठी वस्तू त्याच भावात कुठला दुकानदार देतो? आणि सहाशेच्या पुढचा "ब्रॉन्झ" हा शब्द गायब झाला होता, तो आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आला नाही.

हल्लीच्या केबिनेटमध्ये एसएमपीएस खाली एका झाकलेल्या कप्प्यात बसतो. डाव्या काचेतून पंखे दिसतात, लाल-निळे दिवे दिसतात, कार्ड दिसतं; ज्याच्यावर हे सगळं चालतं तो डबा तेवढा दिसत नाही. स्टिकर बघायचं तर उजवीकडचा पत्रा काढावा लागतो. मी काढला नाही. पॅनल ताब्यात घेताना दार उघडून न बघणारा टेस्टर आमच्या कारखान्यात आठवडाभर टिकला नसता.

सहा महिने काही झालं नाही, कारण परीक्षा होती आणि पोरगा हलकेफुलके गेम खेळत होता. मे महिन्यात सुट्टी लागली, त्याने गाड्यांचा एक जड गेम टाकला, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला मशीन खटकन बंद. पडद्यावर एरर नाही, निळा स्क्रीन नाही. मेन स्विच पाडल्यासारखं. पुन्हा सुरू केलं की तासभर इंटरनेट, पिक्चर सगळं व्यवस्थित. गेम लावला की परत खटकन.

दुकानात फोन केला. "सर, तुमच्या सिडकोत लाइटचा प्रॉब्लेम आहे, यूपीएस घ्या." 3,200 रुपयांचा 600 व्हीएचा यूपीएस त्यांनीच दिला. इथे माझी दुसरी चूक. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, हे मी कारखान्यात नव्या पोरांना शिकवतो. त्या यूपीएसच्या पाठीवर 360 वॅट स्वच्छ छापलेलं होतं. असो. यूपीएस लावूनही मशीन बंद पडायचं ते पडतच राहिलं. मग "विंडोज खराब झालं असेल" म्हणून 500 रुपयांत फॉरमॅट. त्यात भाच्याचं क्लासचं काम गेलं, आणि त्या कामाबद्दल तो पहिल्यांदाच खरोखर हळहळला.

जुलैत एका रात्री बहिणीचा फोन आला, कॉम्प्युटरला वास येतोय. मी गेलो. खोलीत पाऊल टाकताच कळलं. कॉन्टॅक्टरची कॉइल जळताना येतो तो गोडसर, घशाला लागणारा वास. प्लग काढला, पत्रा काढला.

ग्राफिक कार्डाला आठ पिनांचा वीजजोड लागतो. चांगल्या एसएमपीएसला तशी वायर डब्यातूनच निघते. इथे जुन्या पद्धतीचे चार पिनांचे दोन मोलेक्स कनेक्टर जोडून, मध्ये एक कन्व्हर्टर टाकून काम भागवलेलं. मूळचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या बाजूने चहाच्या रंगाचं झालं होतं आणि दोन्ही टोकं एकमेकांत वितळून चिकटलेली. पक्कड लावून ओढावं लागलं. पिवळी वायर म्हणजे 12 व्होल्ट, आणि कार्डाचा बराचसा जोर तिथूनच येतो.

मग डबा बाहेर काढला. हातात घेताच शंका आली, इतका हलका. बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर 760 ग्रॅम. (पुढे जो चांगला आणला तो पावणेदोन किलोच्या आसपास भरला. वजनावरून सगळं ठरत नाही, पण आतली कॉइल, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक हवेचे करता येत नाहीत.) मागच्या बाजूला 115 आणि 230 असं लिहिलेला लाल सरकता स्विच होता. आजच्या बऱ्या एसएमपीएसवर हा स्विच नसतो, तो 100 ते 240 व्होल्ट आपोआप सांभाळून घेतो. लाल स्विच दिसला की आत जुनं डिझाइन आहे असं समजा. आणि गंमत म्हणूनही तो 115 वर सरकवू नका, आपल्या 230 व्होल्टवर तिथेच धमाका होईल.

सहाशेच्या स्टिकरचा एक कोपरा उष्णतेने उचकटला होता. नख घालून ओढलं तर खाली दुसरं स्टिकर. त्यावर 450.

थांबा, खरी गोष्ट पुढेच आहे. स्टिकरांच्या खालच्या बाजूला, डब्यावरच, बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला होता, तो कुणी झाकलाही नव्हता. 12 व्होल्टला 16 ॲम्पियर, 5 व्होल्टला 25, 3.3 व्होल्टला 22. गुणाकार चौथीच्या पोराचा आहे. 12 गुणिले 16 म्हणजे 192 वॅट. 5 व्होल्टचे 125 आणि 3.3 चे 73 मिळवले तरी 390, सहाशे सोडा, साडेचारशेलाही पोचत नाही. शिवाय 5 आणि 3.3 चा उपयोग गेमिंगला जवळपास नाहीच. पंचवीस वर्षांपूर्वी प्रोसेसर मुख्यतः 5 व्होल्टवर चालायचे. आता प्रोसेसर आणि कार्ड, दोन्ही खादाड 12 व्होल्टच्या पंगतीला बसतात. आरटीएक्स 3060 एकटं 170 वॅट खातं, 5600 जोर लावला की 76 पर्यंत जातो. हेच झाले 246. वाढायला 192. आणि कार्डाचा भार मिलिसेकंदांत उसळतो तो वेगळाच. म्हणून तर कार्ड बनवणारी कंपनीच या कार्डासाठी 550 वॅटचा एसएमपीएस सांगते. नंतर आणलेल्या 550 च्या डब्यावर 12 व्होल्टला 45 ॲम्पियर लिहिलंय, म्हणजे 540 वॅट. 12 व्होल्टचा आकडा मोठ्या आकड्याच्या जवळपास असेल तर माल सरळ आहे. निम्म्यालाही पोचत नसेल तर डबा दुकानातच राहू द्या.

ब्रॉन्झचंही सांगतो, कारण त्यावरही फसवतात. 80 प्लस हे प्रमाणपत्र 2004 पासून आहे, ब्रॉन्झ ही त्यातलीच एक श्रेणी, आणि ते डब्याची ताकद सांगत नाही, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामाला लागते ते सांगतं. ब्रॉन्झला निम्म्या लोडवर 85 टक्के लागतात, बाकीची उष्णता होऊन जाते. आमच्या डब्यावर सोनेरी गोल शिक्का होता, त्यात 80 होतं, बाजूला काहीतरी गिचमिड. प्रमाणित मॉडेलांची यादी इंटरनेटवर फुकट बघायला मिळते. भाच्याने शोधलं, आमचं मॉडेल त्यात नव्हतंच.

पंधरा दिवसांनी मी डबा उघडून पाहिला. तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरात जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो, मी मीटर लावून खात्री केली आणि मगच हात घातला. वीज आत येते तिथे विजेतला गोंगाट (आवाज नव्हे, विजेतला अडथळा) अडवणारी कॉइल बसायला हवी. सर्किट बोर्डावर तिची जागा आखलेली होती, नावही छापलेलं, आणि कॉइलच्या जागी तारेचे दोन तुकडे डाग देऊन टाकलेले. फ्यूज मात्र होता. उपकारच म्हणायचे.

दुकानात गेलो तेव्हा मालक जराही दचकला नाही. "सर, सगळे हेच टाकतात. गिऱ्हाईकाला स्वस्त पाहिजे असतं." मी म्हटलं, "स्वस्त कुठे? 4,800 घेतलेत." त्यावर तो म्हणाला, "बिल दाखवा." इथे एस्टिमेटच्या चिठ्ठीची किंमत कळली. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पक्कं बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, यूपीआयची नोंद आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो जोडले. पुढे जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ही माहिती मी मालकाला काउंटरवरच, चार गिऱ्हाइकं उभी असताना, जरा मोठ्याने वाचून दाखवली.

आठवड्याने त्याचा फोन आला. एसएमपीएसचे 4,800 परत देतो, यूपीएसचं आणि फॉरमॅटचं विसरा, तक्रार मागे घ्या. बहीण म्हणाली, "दादा, मिटव आता." मिटवायला गेलो. यूपीआयचा आवाज वाजला, पैसे आले. मालकाने हात पुढे केला, "जुना पीस जमा करा."

"काय करणार त्याचं?"

"कंपनीत परत जातो, सर."

कुठली कंपनी? डब्यावर ना बनवणाऱ्याचा पत्ता होता, ना आयात करणाऱ्याचा, ना एमआरपी. नवं स्टिकर लागून तो पुढच्या पाडव्याला कुणाच्या तरी घरी गेला असता. कटर माझ्या खिशात असतोच, कारखान्यातून थेट आलो होतो. डब्याच्या तोंडाशी सगळ्या वायरी एका मुठीत धरल्या, दोन कचक्यांत कापल्या आणि मग डबा काउंटरवर ठेवला. वायरींचा झुबका घरी घेऊन आलो.