चाकणचे १२ लाख की बाणेरचे १६ लाख? दोन ऑफर लेटर शेजारी ठेवून बघू

सीटीसीचा आकडा बघूनच ठरवायचं असेल तर विषयच संपला, १६ मोठे. पण मी पेरोलमध्ये आहे, स्ट्रक्चर बसवणं हे रोजचंच काम, आणि एवढं नक्की सांगतो की सगळं नीट जुळून आलं तर कंपनीचा तुमच्यावर जास्तीत जास्त किती खर्च होईल, तो आकडा म्हणजे सीटीसी. हातात काय पडतं तो हिशोब वेगळा. पाच-सहा वर्षं अनुभव असलेल्या पुण्यातल्या इंजिनिअरचं उदाहरण धरू, आकडे मी समजायला सोपे घेतलेत.

चाकणवाली म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणारी जुनी कंपनी. महिन्याला बेसिक ५०,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता २०,०००, स्पेशल अलाउन्स २१,५९५, कंपनीच्या बाजूचा पीएफ ६,०००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना एकरकमी मिळणारे पैसे) २,४०५. झाला लाख. व्हेरिएबल (कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग) नाही, ग्रुप इन्शुरन्स सीटीसीच्या बाहेर.

बाणेरवाली म्हणजे फंडिंगवर चालणारी सॉफ्टवेअर कंपनी. १६ लाखांत फिक्स १०.८ लाख, व्हेरिएबल २ लाख, जॉइनिंग बोनस १ लाख, आणि उरलेले २.२ लाख म्हणजे चार वर्षांत मिळणाऱ्या ईसॉपचा, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायच्या हक्काचा, एका वर्षाचा वाटा. फिक्सचे महिन्याला ९०,००० होतात, त्यात बेसिक ४५,०००, आणि त्यातूनच पीएफ १,८००, ग्रॅच्युइटी २,१६५ आणि इन्शुरन्सचा हप्ता १,०३५ आधी बाजूला जातो. ग्रॉस, म्हणजे तुमच्या बाजूची कपात व्हायच्या आधीचा पगार, राहिला ८५,०००.

आता इनहँड बघा. चाकणला ९१,५९५ मधून तुमचा पीएफ ६,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ८५,३९५. बाणेरला ८५,००० मधून १,८०० आणि २०० गेले की ८३,०००. (फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, त्यावरून दरवर्षी एचआरला मेल येतात.) म्हणजे चार लाखांनी मोठी ऑफर दर महिन्याला जवळपास अडीच हजारांनी लहान निघाली! वर चाकणला पीएफ खात्यात दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला १२,००० जमा होतात आणि बाणेरला ३,६००, कारण पीएफची वेज सीलिंग, म्हणजे पीएफसाठी धरायच्या पगाराची मर्यादा, १५,००० आहे आणि त्याच्या १२ टक्के म्हणजे १,८०० भरून कंपनी मोकळी होते, कायद्यानं चालतं ते. आता कुणी म्हणेल मी व्हीपीएफ (स्वतःहून भरायचा जादा पीएफ) वाढवतो, वाढवा ना, पण तो सगळा तुमच्या खिशातून, कंपनीचा वाटा आहे तिथंच.

बेसिक दोन्हीकडे निम्मं दिसतंय त्याचं कारण नवे लेबर कोड. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले, आणि त्यात भत्ते वगैरे एकूणच्या ५० टक्क्यांच्या वर गेले की वरचा भाग वेजेसमध्येच, म्हणजे पीएफ-ग्रॅच्युइटी ज्यावर मोजतात त्या पगारातच धरतात. त्याआधी बेसिक ३०-३५ टक्क्यांवर ठेवून बाकी सगळं स्पेशल अलाउन्समध्ये ढकलायची पद्धत सर्रास होती, पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी. एचआरएचं म्हणाल तर नव्या टॅक्स रिजीममध्ये त्याची सूटच नाही, त्यामुळे बहुतेकांसाठी ती आता नुसती एक ओळ आहे.

खरा फरक आहे तो व्हेरिएबलचा. चाकणवाल्यांचा धंदा ऑर्डरवर चालतो, शॉपफ्लोअरला युनियन, काही वर्षांनी वेतन करार होतो आणि स्टाफचे ग्रेडही मग त्याच्याकडे बघूनच सरकतात. प्रत्येक ग्रेडला खालचं-वरचं टोक ठरलेलं, तुम्ही वरच्या टोकाला टेकलात की प्रमोशन होईपर्यंत इन्क्रिमेंट रडतखडत. बाणेरवाले मार्केट सर्व्हे घेऊन रोलप्रमाणे आकडा ठरवतात, म्हणून नवीन माणूस चांगल्या भावात येतो आणि तीन वर्षं इमानेइतबारे काम करणारा त्याच्या शेजारी कमी पगारात बसलेला असतो. वर्ष वाईट गेलं तर पगार कापायची वेळ येऊ नये म्हणून एक तुकडा आधीच व्हेरिएबलमध्ये ठेवलेला असतो. वाईट वर्षाचा धक्का तिथं कंपनीआधी तुम्ही सोसता, माझा आक्षेप एवढाच की त्याचा मोबदला या ऑफरमध्ये दिसत नाही.

नक्की मिळणारी रक्कम धरली (कंपनीचा पीएफ धरून, ग्रॅच्युइटी आणि इन्शुरन्स सोडून) तर चाकण ११,७१,१४० आणि बाणेर १०,४१,६००. फरक १,२९,५४०. म्हणजे २ लाखांतलं साधारण ६५ टक्के व्हेरिएबल मिळालं तर कुठं बरोबरी होते. त्यामुळे एचआरला एकच प्रश्न मेलवर विचारा, फोनवर नको: मागच्या दोन वर्षांत माझ्या लेव्हलला सरासरी किती टक्के पेआउट झाला? बहुतेक ठिकाणी कंपनीचा रिझल्ट गुणिले तुमचं रेटिंग असा फॉर्म्युला असतो, आणि लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात पेआउटच्या तारखेला रोलवर, म्हणजे नोकरीत असण्याची अट. मार्चला वर्ष संपलं, पैसे जूनमध्ये, आणि तुम्ही मे महिन्यात सोडलं तर अख्ख्या वर्षावर पाणी.

जॉइनिंग बोनस तर मी हिशोबातच धरत नाही. एकदाच मिळतो, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा, आणि बऱ्याच लेटरमध्ये टॅक्स कापायच्या आधीची रक्कम परत मागतात. त्यात अजून एक गंमत. बोनस आणि पूर्ण व्हेरिएबल एकाच आर्थिक वर्षात आलं तर उत्पन्न १३.२ लाख, त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १२.४५ लाख. नव्या रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पण वरच्या ४५,००० वर मार्जिनल रिलीफ (टॅक्स त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ न देणारी सवलत) धरून टॅक्स ४५,००० च, आणि टॅक्सवरचा सेस १,८००. वरचं सगळं गेलं आणि पदरचे थोडे घातले!

ईसॉपबद्दल थोडक्यात: साधारण चार वर्षांचं व्हेस्टिंग (हक्क थोडा थोडा तुमच्या नावावर होणं), पहिल्या वर्षात काही नाही. एक्सरसाइज करताना, म्हणजे तो हक्क वापरून शेअर घेताना, बाजारभाव आणि तुमच्या किमतीतला फरक पगारासारखा टॅक्सेबल, शेअर विकले नसले तरी. लेटरमध्ये छापलेली किंमत शेवटच्या फंडिंग राउंडची असते, कंपनी लिस्ट झाली नाही किंवा बायबॅक आला नाही (कंपनीनंच शेअर परत विकत घेतले नाहीत) तर तो कागदच.

ग्रॅच्युइटीत बाणेरला फार तोटा नाही, पण कायम नोकरीत पाच वर्षं काढणार असाल तरच ती धरा. चाकणला ५०,००० बेसिकवर पाच वर्षांचे १,४४,२३१ होतात. साडेतीन वर्षांत सोडलं तर सीटीसीत दाखवलेले ते पैसे कंपनीकडेच. फिक्स्ड टर्मवाल्यांना (ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना) नव्या कोडमध्ये एका वर्षानंतरच हक्क मिळतो, हे मात्र चांगलं झालं.

मग घ्यायची कुठली? घराचा ईएमआय सुरू असेल, घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर चाकण, डोळे झाकून. ईएमआय नसेल आणि दोन वर्षांनी पुन्हा उडी मारायची असेल तर बाणेरही चालेल, कारण पुढचा एचआर पहिला प्रश्न करंट सीटीसीचाच विचारतो आणि तिथं १६ लाख सांगायला बरे पडतात (हुशार एचआर फिक्स वेगळं विचारतात, ते सोडा). पण सही करायच्या आधी जॉइनिंग बोनस काढून तो लाख फिक्समध्ये टाकायला सांगा, निम्मा टाकला तरी मिळवलं. आणि इन्शुरन्सचा हप्ता सीटीसीच्या बाहेर काढता का तेही विचारा, महिन्याचे हजार रुपये आहेत, सोडायचे कशाला.