लिनक्स लॅपटॉपला कोणता डॉक घ्यावा? तीन जाती आणि गोठणारा पडदा

बाहेरचा मॉनिटर जोडला की लॅपटॉप गोठतो. माउस जागीच थांबतो, पाच-दहा सेकंदांनी सुटतो, कधी सुटतच नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलण्याचा. पण उबुंटू काढून फेडोरा टाकला तरी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, घराणं एकच, ग्राफिक्सचे ड्रायव्हर तेच आणि टेबलावरचा डॉकही (लॅपटॉपला मॉनिटर, यूएसबी वगैरे जोडून देणारा डबा) तोच. आधी बघायचं ते हे, की चित्र लॅपटॉपमधून मॉनिटरपर्यंत कोणत्या वाटेने जातंय. डॉक, हब, अडॅप्टर अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या डब्यांमध्ये ही वाट तीन जातींची असते. खोक्यावर मात्र ‘चौदा-इन-वन’ मोठ्या अक्षरांत आणि जात तळाशी बारीक अक्षरांत, तीही असलीच तर.

ऑल्ट मोडचा हब: गरीब आणि गुणी

यूएसबी-सी तारेत वेगवान माहितीच्या चार वाटा असतात. ऑल्ट मोडमध्ये त्यांतल्या दोन किंवा चारही वाटा सरळ डिस्प्लेपोर्टला, म्हणजे मॉनिटरकडे चित्र नेणाऱ्या पद्धतीला, दिल्या जातात. चित्र ग्राफिक्स चिपमधूनच निघतं, हब फक्त ते पुढे सोडतो, फार तर एचडीएमआयमध्ये बदलून देतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्ससाठी याहून निर्धोक काही नाही.

गोम आहे ती हिशोबात. हबला वेगवान यूएसबीही हवं असतं, म्हणून चित्राला दोनच वाटा उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन वाटांतून सेकंदाला प्रत्यक्ष ८.६४ गिगाबिट माहिती जाते. फोर-के पडद्याला सेकंदाला ६० चित्रं द्यायची तर सुमारे साडेबारा गिगाबिट लागतात. ते बसत नाहीत, म्हणून हब गुपचूप ३० वर येतो. मग माउसचा बाण लोण्यातून ओढल्यासारखा चालतो आणि लोक म्हणतात, ‘लॅपटॉप अडकतोय’. तो अडकत नाही, निम्म्या वेगाने चालतो. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेचा रिफ्रेश रेट बघा. ३० दिसला तर रोग सापडला. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर त्याच दोन वाटांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि फोर-के ६० कसंबसं बसतं. फुल एचडी मॉनिटरला जेमतेम साडेतीन गिगाबिट लागतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येतच नाही.

एकच मॉनिटर असेल तर हबसुद्धा कशाला? एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्याला डिस्प्लेपोर्ट अशी थेट तार घ्या. तिला चारही वाटा मिळतात, मधली बदलणारी चिप जाते, आणि गोठण्याची निम्मी कारणं तिच्याबरोबर जातात. अट एवढीच, की लॅपटॉपच्या त्या भोकातून चित्र बाहेर पडत असलं पाहिजे. शेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा विजेची खूण (थंडरबोल्टची, तो प्रकार पुढे येतो) आहे का पाहा. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी असतं, पण त्यातून फक्त डेटा जातो. तिथे जगातला कुठलाही साधा हब पडदा उजळवणार नाही.

डिस्प्लेलिंक: सोय खरी, किंमत लॅपटॉप मोजतो

‘कुठल्याही यूएसबी पोर्टवर दोन-तीन मॉनिटर’ असं खोक्यावर लिहिलं असेल तर आत बहुधा डिस्प्लेलिंकची चिप आहे. ही कंपनी २०२० पासून सिनॅप्टिक्सच्या मालकीची आहे. चित्र यूएसबीवरून सामान्य माहितीसारखं पाठवायचं, ही यामागची युक्ती. त्यासाठी प्रोसेसर प्रत्येक बदललेला भाग दाबून बारीक करतो, तारेतून पाठवतो आणि डॉकमधली चिप तो उलगडते. डॉकची जात ओळखायची असेल तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी चालवा. यादीत १७ई९ हा आकडा दिसला की तो डिस्प्लेलिंक.

लिनक्सवर याचे दोन भाग बसवावे लागतात. एक ईव्हीडीआय नावाचं कर्नल मॉड्यूल (कर्नलमध्ये वरून चढणारा तुकडा), ते मुक्त आहे. दुसरा डिस्प्लेलिंक मॅनेजर, तो बंद पेटीतला. ईव्हीडीआय कर्नलच्या मूळ संचात नाही, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर डीकेएमएस नावाचं साधन ते पुन्हा बांधतं. इथेच पहिली ठेच लागते. अपडेट झालं, कर्नल पुढे गेला, जुनं ईव्हीडीआय त्यावर बांधता आलं नाही, आणि सकाळी मॉनिटर काळा. डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा द्या. चालू कर्नलच्या क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं. दिसत नसेल तर त्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेत का ते बघा, मग सिनॅप्टिक्सच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर घाला. तोवर ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या, यादीतून जुना कर्नल निवडून काम चालवता येतं.

दुसरी ठेच सिक्युअर बूटची, म्हणजे सही नसलेलं काही चढू न देणाऱ्या सेटिंगची. ते चालू असेल तर मॉड्यूलवर तुमच्या चावीची सही लागते. ड्रायव्हर बसवतानाच उबुंटू एक पासवर्ड विचारतं आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की मॉड्यूल कधीच चढत नाही, आणि लोक दिवसभर तार बदलत बसतात.

आणि प्रत्यक्ष गोठणं? त्याचं कारण या रचनेतच आहे. वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) डेस्कटॉप मुख्य ग्राफिक्स चिपवर रंगवला जातो. तिथून चित्र परत मेमरीत वाचून घ्यायचं, ईव्हीडीआयला द्यायचं, मग ते दाबायचं. पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावला की ही ये-जा इतकी वाढते की आतला पडदाही झटके देऊ लागतो. टॉप ही आज्ञा चालवून बघा, डिस्प्लेलिंक मॅनेजर वरच्या ओळीत बसलेला दिसेल. बाहेरचा मॉनिटर फुल एचडीवर आणा, ऍनिमेशन बंद करा, व्हिडिओ आतल्या पडद्यावर बघा. एवढ्याने भागलं नाही तर फार काही उरत नाही. सगळंच थिजलं तर रीस्टार्टआधी डिस्प्लेलिंकची सर्व्हिस पुन्हा सुरू करून पाहा. उबुंटूवर तिचं नाव डिस्प्लेलिंक-ड्रायव्हर, इतर काही ठिकाणी नुसतं डिस्प्लेलिंक.

लेखन, ईमेल, हिशोबाचे तक्ते यांसाठी डिस्प्लेलिंक चालतं. लॅपटॉपच्या पोर्टमधून चित्रच निघत नसेल तर हा मार्ग उरतो. पण ऑल्ट मोड असताना दोन मॉनिटरच्या मोहापायी हा डॉक घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

थंडरबोल्ट डॉक: महाग, पण एकदाच

थंडरबोल्ट ३ किंवा ४ म्हणजे सेकंदाला ४० गिगाबिटची तार, तीत सहसा डिस्प्लेपोर्टचे दोन स्वतंत्र प्रवाह. चित्र इथेही ग्राफिक्स चिपमधूनच येतं. लिनक्सवर डॉकला जोडू देण्याच्या परवानगीचं काम बोल्ट नावाची सेवा पाहते. नवा डॉक जोडल्यावर चार्जिंग होतंय, पडदाही लागलाय, पण डॉकचं इथरनेट आणि यूएसबी मेलेलं आहे, असं दिसलं तर बोल्टसीटीएल लिस्ट चालवा. ‘ऑथराइज्ड’ नसेल तर बोल्टसीटीएल एनरोल लिहून पुढे डॉकचा ओळखक्रमांक द्या. एकदाच करावं लागतं.

या डॉकचं फर्मवेअर (त्याच्या चिपमध्येच बसलेलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणं चैनीचं काम नाही. झोपेतून उठल्यावर मॉनिटर न लागणं, जोडताक्षणी सगळं थिजणं, यांतलं बरंच काही फर्मवेअरमध्येच दुरुस्त होतं. डेल आणि लेनोवो आपल्या अनेक डॉकचं फर्मवेअर एलव्हीएफएस या लिनक्ससाठीच्या साठ्यावर ठेवतात, त्यामुळे एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश, मग अपडेट, एवढ्यात लिनक्सवरूनच काम होतं. खरेदीआधी हेच तपासा. फर्मवेअर फक्त विंडोजवरून चढत असेल तर तो डॉक लिनक्सवाल्याने सोडून द्यावा. आणि तारेत कंजुषी नको. डॉकसोबत आलेली आखूड तार बाजूला ठेवून फोनच्या चार्जिंगची लांब तार लावली तर थंडरबोल्ट लागतच नाही.

डॉक परत करण्याआधी

दोष डॉकचा की ड्रायव्हरचा, हे गोठलेल्या क्षणीच कळतं. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का बघा, हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो अर्धवट आहे. ग्राफिकल डेस्कटॉपमध्ये तो दिवा डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडदा सांभाळणारा प्रोग्राम, लावतो. दिवा लागला नाही तर फार तर तो सर्व्हर अडकलाय, कर्नल ठणठणीत असू शकतो. दिवा आपणहून लुकलुकत असेल तर मात्र कर्नलनेच मान टाकली आहे.

खरी परीक्षा बाहेरून. ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून आत येऊ देणारा प्रोग्राम) आधीच बसवून ठेवा आणि लॅपटॉप गोठला की फोनवरच्या टर्मक्समधून, म्हणजे अँड्रॉइडच्या टर्मिनलमधून, आत शिरा. शिरता आलं तर डीएमईएसजी ही आज्ञा देऊन कर्नलचे संदेश वाचा. रीस्टार्ट करावंच लागलं तर नंतर जर्नलसीटीएलला -के आणि -बी -१ हे पर्याय द्या, म्हणजे मागच्या खेपेचे कर्नलचे संदेश मिळतात. ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’ म्हणजे पडदा बदलण्याची वाट पाहून ड्रायव्हर थकला. ‘रिंग’ आणि ‘टाइमआउट’ एकत्र दिसले तर एएमडीची चिप अडकली. ‘एक्सएचसीआय होस्ट कंट्रोलर नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं तर ग्राफिक्सला सोडा, यूएसबीचीच वाट बंद पडली आहे आणि संशय हब, तार, वीज यांच्यावर.

बाहेरचा मॉनिटर चालतोय आणि फक्त आतला पडदा थिजलाय? मग पॅनल सेल्फ रिफ्रेश, म्हणजे पीएसआर, पहिला संशयित. वीज वाचवायला आतला पडदा जुनंच चित्र स्वतः धरून ठेवतो आणि कधीकधी सोडायला विसरतो. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंटेलसाठी आय९१५.एनेबल_पीएसआर=०, एएमडीसाठी एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१० हे रोमन लिपीत लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल एकाच खेपेपुरता असतो, त्यामुळे बिनधास्त करून बघता येतो. दोन दिवस नीट गेले तरच ग्रबच्या फाइलमध्ये कायमचा घाला.

एनव्हिडियाची दुसरी चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक बहुधा थेट त्या चिपला जोडलेलं असतं. डेस्कटॉप इंटेलवर रंगतो, चित्र एनव्हिडियाकडे नकलून जातं आणि झोपलेली चिप जागी होईपर्यंत सगळं थांबतं. बऱ्याच मॉडेलांत यूएसबी-सी मात्र इंटेल किंवा एएमडीच्या अंगच्या चिपला जोडलेलं सापडतं. मॉनिटर तिथे लावून बघा. फुकटात सुटणारा प्रश्न आहे.

सगळंच थिजलं तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरं सावकाश दाबा. डिस्कवरचं लिहून होतं, ती फक्त वाचण्यापुरती उरते आणि मशीन पुन्हा सुरू होतं. उबुंटूवर एवढी मुभा मुळातच असते. फेडोरावर फक्त ‘एस’ चालतं. बाकीचं हवं तर कर्नल.सिसआरक्यू ही किंमत १ करावी लागते.

विजेचा हिशोब

६५ वॉटचा चार्जर हबमधून लावला तर हब दहा-पंधरा वॉट स्वतःसाठी ठेवतो आणि लॅपटॉपला पन्नासेक मिळतात. काही लॅपटॉपना हे अपुरं वाटलं की ते प्रोसेसर चारशे-आठशे मेगाहर्ट्झवर आणून ठेवतात. लक्षण हुबेहूब गोठण्यासारखं. सीपीयूइन्फो या फाइलमधले मेगाहर्ट्झचे आकडे बघा, आणि चार्जर हबऐवजी थेट लॅपटॉपला लावून फरक पडतो का तेही. हबमधूनच द्यायचं असेल तर १०० वॉटचा चार्जर आणि ५ अँपिअरची तार.

भारनियमन असलेल्या गावात आणखी एक गंमत होते. वीज गेली की हबचा चार्जर जातो, हब लॅपटॉपकडून वीज मागायला वळतो आणि त्या क्षणी बरेचसे हब स्वतःला रिसेट करतात. त्यावरचं सगळं यूएसबी सुटतं. तिथे डिस्क जोडलेली असेल तर तिच्यात लिहिणारे प्रोग्राम अडकतात आणि फाइल मॅनेजर पांढरा पडतो. चार्जर आणि मॉनिटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, डिस्क मात्र थेट लॅपटॉपलाच लावा.

बिनतारी माउसची चिमुकली रिसीव्हर काडी हबवर लावू नका. यूएसबी ३ चा आवाज २.४ गिगाहर्ट्झमध्ये पसरतो आणि माउस अडखळतो. ती काडी लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावली किंवा अर्ध्या मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर नेली की बऱ्याच जणांचा ‘गोठणारा लिनक्स’ तिथेच बरा होतो.

दुकानात

मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, काउंटरवर ‘लिनक्सवर चालतो का’ विचारलं तर उत्तर ‘चालतो ना साहेब’ हेच येणार. म्हणून लॅपटॉप आणि ताज्या उबुंटूची लाइव्ह (न बसवताच चालणारी) पेनड्राइव्ह सोबत न्या. पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावून बूट करा आणि डॉकवर दुकानातला मॉनिटर जोडा. लाइव्ह उबुंटूमध्ये ईव्हीडीआय नसतं, त्यामुळे ड्रायव्हर न घालता पडदा लागला तर डॉक ऑल्ट मोडचा किंवा थंडरबोल्टचा. फक्त यूएसबी २ च्या जमान्यातल्या जुन्या डिस्प्लेलिंक चिपा याला अपवाद, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. पडदा लागल्यावर रिफ्रेश रेट बघा, तार तीनदा काढून घाला, झाकण मिटून उघडा. दुकानदार एवढंही करू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.