स्टीलची टूरिंग सायकल, ११ महिन्यांनंतर: नाशिकचे घाट, पाऊस आणि मागचं चाक

आधी सायकल काय आहे ते. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची डबल-बटेड फ्रेम (नळ्या टोकांना जाड, मधे पातळ), फोर्कही (पुढचं चाक धरणारा चिमटा) क्रोमोलीचाच. ७०० सी चाकं, दोन्हींना ३६ स्पोक, ३५ मिमीचे टायर. पुढे तीन, मागे नऊ गिअर, कँटिलिव्हर ब्रेक (मधल्या केबलने दोन हात ओढून रिमवर दाबणारे), ड्रॉप हँडल (खाली वळलेलं). मडगार्ड आणि मागच्या कॅरिअरसकट काट्यावर १५ किलो २०० ग्रॅम भरते. मीटरवर ६,४०० किमी झालेत. त्यातले बरेचसे त्र्यंबक, पेठ, वणी-सापुतारा, भंडारदरा आणि कसारा घाटात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालच्या तक्रारी या वर्गातल्या बहुतेक तयार सायकलींना कमीअधिक लागू पडतात.

स्टील म्हणजे आरामदायी, असं दुकानदारापासून ग्रुपवरच्या दादांपर्यंत सगळे सांगतात. त्यावर फार विसंबू नका. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने जवळपास दबतच नाही, मग ती कशाचीही असो. आराम टायरमधून येतो. याच सायकलला २८ चे टायर लावून ९० पीएसआय हवा भरली, तर पेठ रोडवर हिचेही हाल ॲल्युमिनियमसारखेच होतात. ३५ च्या टायरमध्ये ७० किलोचा माणूस आणि १५ किलो सामान धरून मागे ६० ते ६५, पुढे ५० पीएसआय बरोबर बसते. स्टीलचा खरा उपयोग वेगळा आहे: फ्रेमवर कॅरिअर-मडगार्डसाठी आट्यांची भोकं भरपूर, जाड टायरला जागा, आणि चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) लांब. बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस फिरतो तो भाग) मध्यापासून मागच्या ॲक्सलपर्यंत ४५० मिमी तरी हवेच. दुकानात मागची पिशवी लावून पेडल उलटं फिरवून बघा. ९ नंबरच्या बुटाची टाच पिशवीला लागत असेल तर ती सायकल टूरिंगची नाही, नावावर काहीही छापलेलं असो.

गिअरिंग ही पहिली खटकलेली गोष्ट. कंपनीने पुढे ५०-३९-३० आणि मागे ११ ते ३२ दातांच्या चकत्या दिल्या होत्या. सपाटीवर झकास, पण १५ किलो सामान घेऊन सापुताऱ्याच्या वळणांवर गुडघे बोलायला लागतात. हिशोब सोपा आहे. ३५ च्या टायरसकट चाकाचा परीघ सुमारे २.१७ मीटर. सगळ्यात हलका गिअर ३०/३२, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात २.०३ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ७.३ किमी. चढावर वेग त्याखाली गेला की फेरे कमी होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

सगळ्यात लहान चेनरिंग (पुढची दातेरी चकती) ७४ मिमी बीसीडीची (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) होती, तिथे २४ दातांपर्यंतची बसते. २६ ची बसवली. आता एका फेऱ्यात १.७६ मीटर, म्हणजे ६० फेऱ्यांना ६.३ किमी. आकड्यात फरक किरकोळ वाटेल, घाटात तो बसून चढणं आणि उतरून ढकलणं इतका आहे. मग २४ च का नाही? मागच्या लाँग-केज डिरेलरची (गिअर बदलून चेन ताणून धरणारा भाग) क्षमता ४५ दात, म्हणजे पुढचा आणि मागचा फरक मिळून तेवढाच तो सांभाळतो. पुढचा फरक ५० वजा २६ म्हणजे २४, मागचा ३२ वजा ११ म्हणजे २१, बेरीज बरोबर ४५. २४ ची लावली असती तर बेरीज ४७ झाली असती आणि लहान-लहान जोडीत चेन लोंबकळली असती. आत्ताही ३९ वरून २६ वर उतरताना उडी मोठी आहे, कधीकधी चेन आत बीबीवर पडते. सीट ट्यूबला (सीटखालची उभी नळी) लावायचं छोटं चेन कॅचर बसवलं की हा प्रकार थांबतो. नवी सायकल घेणाऱ्याने ४८-३६-२६ चा ट्रेकिंग क्रँकसेटच मागावा, त्यावर ११-३४ ची कॅसेटही (मागच्या चकत्यांचा संच) चालते, कारण बेरीज पुन्हा ४५ च.

आता मागचं चाक. सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते याबद्दल. १,९०० किमीवर मागचा पहिला स्पोक तुटला, मग पुढच्या ७०० किमीत आणखी दोन. तिन्ही उजव्या बाजूचे, कॅसेटकडचे, आणि तिन्ही हबला जिथे वाकतात तिथेच तुटलेले. लोक म्हणतात वजन जास्त झालं. खरं कारण बहुतेक वेळा ताण कमी आणि असमान असणं हे असतं. हे चाक एका किलोमीटरला सुमारे ४६० वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेऱ्यात स्पोक जमिनीकडे आला की थोडा सैल होतो. मुळात पुरेसा ताणलेला नसेल तर तो दर फेऱ्याला कोपरात हलतो. २०० किमीत हे ९० हजारांहून जास्त वेळा होतं. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच.

कारखान्यात मशीनवर बांधलेलं चाक सरळ असतं, पण सरळ चाक म्हणजे नीट ताणलेलं चाक नव्हे. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘आउट काढून देतो’ म्हणतात तेव्हा तेवढंच होतं: डगमग जाते, ताण तसाच राहतो. करायला हवं ते असं. निपलना (स्पोकच्या रिमकडच्या नटांना) तेलाचा एकेक थेंब, मग उजव्या बाजूचे सगळे स्पोक टेन्शन मीटरने रिमच्या मर्यादेत, साधारण ११० ते १२० किलोपर्यंत समान करायचे. डावी बाजू आपोआप त्याच्या साठेक टक्क्यांवर राहते, कारण कॅसेटमुळे मागचं चाक एका बाजूला कललेलं असतं. त्यानंतर एकाच बाजूचे समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत धरून घट्ट दाबायचे, चाकभर. टिक्‌ टिक्‌ आवाज येतो, पीळ सुटतो, कोपर हबला चपखल बसतं. पुन्हा सरळ करायचं, पुन्हा दाबायचं, आवाज बंद होईपर्यंत. उजवीकडचे १८ ही स्पोक बदलून (टोकांना २.०, मधे १.८ मिमीचे) हे केल्यानंतर ३,८०० किमीत एकही तुटलेला नाही. नवीन सायकल घेतल्या घेतल्या, पहिल्या ३०० किमीनंतर एवढं एक काम करून घ्या. कार्बनच्या सीटपोस्टवर खर्च करण्याआधी तर नक्कीच.

रस्त्यात उजवीकडचा स्पोक तुटलाच तर रिम डावीकडे ओढली जाते. तुटलेल्याच्या दोन्ही बाजूंचे डावे स्पोक अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, मागचा ब्रेक थोडा मोकळा करा, ३६ स्पोकचं चाक घरापर्यंत येतं. नवा घालायचा तर कॅसेट काढावी लागते, त्यासाठी लॉकरिंगचं हत्यार पिशवीत हवं. तीन लांबीचे स्पोक (पुढचा, मागचा उजवा, मागचा डावा) प्रत्येकी दोन, चेनस्टेला टेपने चिकटवून ठेवलेले बरे.

सामान सगळं मागे टाकलं तर कसारा उतरताना ताशी ४५ किमीच्या पुढे हँडल थरथरायला लागतं. ते घट्ट आवळून धरलं की थरथर वाढते. दोन्ही गुडघे वरच्या नळीला टेकवा, सीटवरचा भार किंचित उचला, हळूहळू ब्रेक दाबा. कायमचा इलाज म्हणजे पुढे लो-रायडर (चाकाच्या बाजूला खाली बसणारं) कॅरिअर आणि तिथे पाचेक किलो. मागे ६०, पुढे ४० टक्के असं वाटप झालं की सायकल रेल्वेसारखी चालते, थोडी जड वळते इतकंच.

ब्रेकबद्दल थोडक्यात. पुढच्या कँटिलिव्हरने जोरात ब्रेक मारला की फोर्क धडधडतो. पॅड तिरके लावून (पुढचं टोक आधी टेकेल असे) थोडं कमी होतं, पण मूळ कारण केबलचा हँगर (केबल अडकवायची पट्टी) वर हेडसेटजवळ, म्हणजे हँडलच्या बेअरिंगपाशी असणं हे आहे: फोर्क मागे वाकतो, केबल आणखी ताणली जाते, ब्रेक आणखी पकडतो, सुटतो, पुन्हा पकडतो. हँगर फोर्कच्या क्राउनवर (चाकाच्या लगेच वरचा भाग) आणला की बंद. ८५ मिमीचे मिनी-व्ही ब्रेकही ड्रॉप हँडलच्या लिव्हरला चालतात, मात्र मडगार्डला जागा कमी उरते.

त्या जागेवरून आठवलं. इगतपुरी-त्र्यंबकची लाल माती आणि निफाडची काळी माती यांत मडगार्डच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाल चिखल धुऊन जातो. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे लाडवासारखी वळते आणि चाक जाम करते. किमान १५ मिमी फट ठेवा, आणि पुढच्या मडगार्डच्या सळ्यांना दाब आला की सुटणारे क्लिप लावा. नाहीतर एखादी काडी अडकली तरी माणूस हँडलवरून पुढे.

पाऊस हा स्टीलचा खरा शत्रू. नाशिक शहरात तो बेताचा, पण त्र्यंबक-इगतपुरीकडे जाणाऱ्याची फ्रेम आतून चार महिने ओलीच राहते. सीट क्लॅम्पच्या खाचेतून पाणी आत जातं आणि बीबीपाशी साठतं. बीबीखाली निचऱ्याचं भोक आहे का ते बघा. पुष्कळदा असतं, पण रंगाने बुजलेलं.

आतून वाचवायला परदेशी स्प्रे मिळतो, पण रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल तेच काम करतं. मे महिन्यात करायचं. सीटपोस्ट आणि बीबी काढा (उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, घड्याळाच्या दिशेने सुटतो), फ्रेम दोन दिवस उन्हात वाळवा. ६०-७० मिली तेल सीट ट्यूबमधून आणि स्टेच्या बारीक भोकांतून आत सोडा, भोकांवर टेप लावा, फ्रेम सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा. टेप काढून रात्रभर निथळू द्या, आठवडाभर सुकू द्या. आट्यांवरचं तेल मात्र लगेच रॉकेलने पुसा, सुकलं की बीबी बसत नाही. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा, फ्रेम स्टीलची. ओल मिळाली की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. दर दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावलं नाही तर पुढे तो करवतीनेच निघतो. बाहेरचा टवका उडाला तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा हात, वर जुळत्या रंगाचं नेलपेंट. विनोद नाही, टिकतं.

नाशिककरांची एक सोय आहे: सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती. कॅरिअर स्टीलचं असेल तर मोडलेली सळई कोणताही वेल्डिंगवाला पाच मिनिटांत जोडतो. इथे ॲल्युमिनियमचं कॅरिअर ७०० किमीत जोडावर तडकलं, ते तसंच भंगारात गेलं. मात्र फ्रेमला गेट-ग्रिल बनवणाऱ्याचा आर्क वेल्डिंगचा रॉड लावू देऊ नका. नळीची भिंत मधे मिलिमीटरपेक्षा पातळ असते, सरळ भोक पडतं. टिग (पातळ नळीलाही चालणारं बारीक वेल्डिंग) करणारा शोधा, किंवा गॅसवर पितळेचा रॉड वापरणारा. कॅरिअरचे एम५ बोल्ट निळ्या थ्रेडलॉकरने (आट्या सुटू न देणारा चिकट द्रव) बसवा आणि १६ मिमीचे चार जास्तीचे जवळ ठेवा. हादऱ्याने सगळ्यात आधी सुटतात ते हेच.

पंक्चर एकूण नऊ. तीन बाभळीचे काटे, बाकीचे सगळे मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेचे: ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधली केसासारखी तार. ती टायरमध्ये अडकून राहते, बोटाला लागत नाही आणि नवी ट्यूबही तासाभरात पंक्चर करते. ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते मोजून टायरवर तीच जागा शोधायची, आतून कापसाचा बोळा फिरवायचा, कापूस अडकेल तिथे चिमट्याने ओढायचं. आत रबराचा जाड पट्टा असलेले टायर लावल्यावर २,५०० किमीत एकच पंक्चर. टायर जड आहेत, चढावर कळतात, तरी परत जुने लावावेसे वाटले नाहीत.

या सायकलवर बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) होते का, हा नेहमीचा प्रश्न. नाशिकमध्ये तो येणारच. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रॅम (रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका) पूर्ण केल्यापासून इथे लांब पल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर कार्बनची सायकल येते. पण तिथे मागे सपोर्टची गाडी असते. बीआरएमला २०० किमीसाठी साडेतेरा तास, ६०० साठी ४० तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ चा वेग. चालता वेग २० ठेवला तर ६०० किमीला ३० तास लागतात आणि जेवण-झोप-पंक्चरला दहा उरतात. रिकामी पिशवी आणि मोकळं पुढचं कॅरिअर काढून ठेवलं की ही सायकल त्यात बसते. वेळ जातो तो चहाच्या टपरीवर, फ्रेमच्या वजनात त्यामानाने फार थोडा. जून-जुलैत त्र्यंबककडे जाताना समोरून पश्चिमेचा वारा असतो, तिथे मात्र पिशव्या पालासारख्या वारा धरतात आणि ड्रॉप हँडलच्या खालच्या पकडीची किंमत कळते.

सध्या चेन दुसरी चालू आहे. स्टीलची १२ इंची पट्टी लावून बघायचं: एका पिनेपासून पुढच्या २४ व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच हवं. सोळांश (१/१६) इंचाने वाढलं की चेन बदला, अष्टमांश (१/८) होईपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली. पहिली ३,४०० किमीवर सोळांशाला पोचली होती, त्यातले चार महिने पावसाचे. दुसरी ३,००० किमीनंतर अजून त्याच्या आत आहे.