होडीची मागची फळी कुजली तर: पॉलिस्टर की इपॉक्सी?

फायबरच्या छोट्या होडीत फायबर कुजत नाही, कुजतं ते आतलं लाकूड. त्यातही पहिला नंबर मागच्या फळीचा, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं त्या ट्रान्समचा. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर चांगदेवच्या बाजूला किंवा नवापूरकडे उकाई धरणाच्या पाण्यावर ज्यांच्या होड्या आहेत, त्यांना हे नवीन नाही. आपलं पाणी गोडं, आणि लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात जास्त फावते. कुजलेलं प्लाय काढून नवं बसवायचं, यात वाद नाही. ते नेहमीच्या पॉलिस्टर रेझिनने (रेझिन म्हणजे फायबरचे थर चिकटवणारा, सुकून घट्ट होणारा द्रव) बसवायचं की इपॉक्सीने, एवढंच ठरवायचं असतं. मी दोन्ही वापरली आहेत.

पॉलिस्टरची सोय मोठी आहे. कुलरच्या बॉडी आणि फायबरचे दरवाजे करणारा कुठलाही कारखाना गाठा, रेझिन, मॅट (काचेच्या धाग्यांची चटई), कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट (रेझिन सुकवणारी दोन रसायनं) सगळं तिथेच मिळतं आणि कारागिराचा हातही बसलेला असतो. थर भराभर चढतात, वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर, मारला की होडी पुन्हा नव्यासारखी दिसते. घरी करणार असाल तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि कॅटॅलिस्ट त्यानंतर.

माझी पहिली दुरुस्ती अशाच एका कारखान्यात पॉलिस्टरने झाली. काम दिसायला सुबक होतं. पण पुढच्या पावसाळ्यानंतर इंजिनाचे खालचे दोन बोल्ट काही केल्या आवळलेले राहीनात. पान्याने घट्ट करावेत तर वॉशर आत रुतायचा, आणि पाण्यावर एक फेरी मारून आलं की नट पुन्हा बोटाने फिरायचा. इंजिन हलतंय का, याकडेच सगळं लक्ष. जाळं टाकायला गेलेला माणूस मागे वळून बोल्ट बघत बसतो, याचा मला फार वैताग आला. मग भोकाखालून तपकिरी पाणी पाझरायला लागलं. फळी उघडली तेव्हा शेजारचा कोळी भाऊ एवढंच म्हणाला, ‘बठ्ठं सडी गयं.’ म्हणजे सगळं सडलं.

सडण्यापेक्षा मला वेगळीच गोष्ट खटकली. कडेला पटाशी घालून नुसतं उचकटलं तर फायबरचा थर वाळलेल्या पापडासारखा सरळ निघून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूवर प्लायच्या रेषांचा ठसा स्पष्ट उमटलेला, पण लाकडाचा एक धागाही चिकटलेला नव्हता. म्हणजे तो थर लाकडाला धरूनच नव्हता. बोल्टाच्या भोकातून शिरलेलं पाणी त्या फटीतून फळीभर फिरलं आणि बाहेर पडायला त्याला वाट नव्हती. लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं.

इपॉक्सी घेण्याआधी मी प्लायच्या तुकड्यावर दोन्ही रेझिन लावून, ते तुकडे पाण्यात भिजवून, वाळवून, पटाशीने उचकटून पाहिले. पॉलिस्टर पुन्हा तसंच सुटलं. इपॉक्सी निघताना प्लायचा वरचा पदर सोबत घेऊन आली. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण तुम्हालाही घरी करता येईल आणि मला तेवढी पुरली.

इपॉक्सीचे त्रास आहेत, ते लपवणार नाही. मला ती तिपटीच्या आसपास महाग पडली आणि बाहेरून मागवावी लागली. टाइल्सच्या दुकानातला घट्ट इपॉक्सी डिंक या कामाचा नाही. रेझिन आणि हार्डनर (तिला सुकवणारा दुसरा घटक) यांचं प्रमाण वजनकाट्यावर मोजावं लागतं. लवकर सुकावी म्हणून हार्डनर वाढवला तर ती कच्ची राहते. तिच्यासोबत साधी चिरलेली मॅट नको, कारण त्या मॅटचा बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमध्येच विरघळतो. विणलेलं कापड घ्या. थर सुकल्यावर वर तेलकट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन घासल्याशिवाय पुढचा हात मारू नका. उन्हाने ती खराब होते म्हणून वरून रंग हवाच, आणि तो दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग असावा, कारण जेलकोट इपॉक्सीवर नीट बसत नाही. हातमोजे मात्र पहिल्या थेंबापासून घाला. एकदा कातडीला तिची ॲलर्जी जडली की ती जात नाही.

उन्हाळ्याचं म्हणाल तर दोन्हींना तो सारखाच नडतो. एप्रिल-मे हाच फळी उघडायचा महिना, कारण पारा ४४-४५ ला गेला की कोरड्या वाऱ्यात उरलेलं लाकूड खडखडीत वाळतं. रेझिनचं काम मात्र उजाडताच सावलीत करावं. कालवून डब्यात ठेवलेलं रेझिन दुपारी धूर सोडतं. पसरट ताटात ओतलं की जरा वेळ मिळतो.

फळीसाठी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चं मरीन प्लायच घ्या. बसवण्याआधी त्याच्या चारही कडा इपॉक्सीने भिजवा, पाणी पितात त्या कडाच. कुजलेल्या भागात पातळ रेझिन मुरवून तो पुन्हा मजबूत होतो असं सांगतात, मला पटलेलं नाही. भुसा झालेलं लाकूड काढूनच टाकावं. टाकणखाराचं पाणी बुरशी मारतं, पण गेलेली ताकद परत देत नाही.

आणि बोल्ट. ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर भोक १६ चं पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच ८ चं भोक पाडा आणि पीयू सीलंट लावून बोल्ट बसवा. मग भोकातून पाणी शिरलं तरी ते लाकडाला शिवत नाही. माझे ते दोन बोल्ट तेव्हापासून आवळलेले आहेत.

तडा फक्त बाहेरच्या कवचाला असेल, लाकूड मध्ये नसेल, तर मी आजही पॉलिस्टरच सुचवेन. फायबरला ते छान धरतं आणि जेलकोटही बसतो. होडी जुनी आहे, एखाद-दोन हंगाम काढून विकायची आहे, तरीही पॉलिस्टर चालून जाईल. तुमच्या पाण्याचा आणि खिशाचा अंदाज तुम्हालाच. पण लाकडावर काम असेल आणि त्याच होडीवर घर चालत असेल, तर इपॉक्सी मागवा, आणि मागवताना स्लो, म्हणजे सावकाश सुकवणारा, हार्डनर सांगा.