सरकारी रुग्णालयातली बॅरिअ‍ॅट्रिक ओपीडी : १४ महिन्यांचा अनुभव

बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. रुग्णालय मुंबईतलं आहे. माझी फाइल अजून तिथेच असल्यामुळे नाव लिहीत नाही.

माझं वय ४३, डोंबिवलीत घरगुती डबे देते. उंची १५२ सेंटिमीटर, पहिल्या दिवशी वजन १२६ किलो. मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि रात्री झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून हे जागे राहतात. खासगीत या शस्त्रक्रियेचे साडेचार लाख सांगितले. तेवढे आणायचे कुठून? म्हणून सरकारीत गेले.

आधी चांगलं सांगते. ओपीडीबाहेर हात नसलेले रुंद बाक आहेत. हातांच्या खुर्चीत अडकून उठताना चार माणसांनी बघितलंय ज्याला, त्यालाच याची किंमत कळेल. वजनकाटा मोठा आहे. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याचा काटा १२०लाच संपतो, त्यामुळे कितीतरी दिवस मला माझं खरं वजनच माहीत नव्हतं. इथे पडद्यामागे वजन करतात, आकडा मोठ्याने वाचत नाहीत, कागदावर लिहून देतात.

आहारतज्ज्ञ मॅडमनी मला पोळ्या सोडायला सांगितल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, उभ्या उभ्या तोंडात काय टाकता ते आठवडाभर लिहून आणा." लिहिलं तेव्हा दिसलं, भाजीची चव बघता बघता माझं एक जेवणच होत होतं. आठ किलो तिथेच उतरले.

नातेवाइकांना वाटतं, चरबी काढून टाकतात. तसं नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची अरुंद नळी राहते. भूक लावणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. बी-१२, लोह, कॅल्शियम मात्र पुढे कायम बघावं लागतं. हे सगळं एका निवासी डॉक्टरने केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. ते चित्र मी जपून ठेवलंय.

आता वाट बघण्याचं. एन्डोस्कोपी, झोपेची तपासणी, मानसोपचार विभाग, भूलतज्ज्ञांचं फिटनेस, प्रत्येकाची रांग वेगळी. झोपेच्या तपासणीलाच अडीच महिने गेले. मधेच निवासी डॉक्टर बदलतात, नवीन आले की पहिल्यापासून सगळं सांगा.

पैशाचंही आधी कोणी नीट सांगत नाही. खाट आणि शस्त्रक्रियेचा खर्च नाममात्र आहे, पण जठर कापून टाके घालणारा स्टेपलर आणि त्यात भरायची पाच-सहा कार्ट्रिज बाहेरून आणावी लागतात. तो खर्च आमच्यासारख्यांना झेपत नाही. समाजसेवा विभागातल्या बाईंनी धर्मादाय ट्रस्टांचे अर्ज भरून दिले, कुठे काय जोडायचं ते खुणा करून दाखवलं. रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. माझ्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली आणि परत तहसील कार्यालयात खेटे सुरू झाले. तुम्ही जाणार असाल तर दाखला एप्रिलमध्येच काढा.

सगळं जमल्यावर तारीख मिळाली. आधी दोन आठवडे पातळ आहार, यकृत लहान व्हावं म्हणून. ते मोठं असलं तर दुर्बिणीतून जठरापर्यंत पोचणं अवघड होतं. दोन आठवडे मी मुगाचं पाणी, ताक आणि प्रोटीन पावडरवर राहिले आणि रोज १२० पोळ्या लाटल्या. तव्यावर फुगलेल्या पोळीचा वास काय असतो, ते त्या दिवसांत कळलं. आदल्या दिवशी दाखल झाले, रात्री १२ नंतर पाणीही नाही. सकाळी साडेअकराला सिस्टर आल्या. "ताई, आज केस होणार नाही. पाणी प्या." रात्री अपघाताचे रुग्ण आले होते, अतिदक्षता विभागात खाट उरली नव्हती.

त्यांचा जीव वाचायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढची तारीख कधी, हे विचारल्यावर कोणालाच सांगता आलं नाही. घरी येऊन मी डाळ-भात खाल्ला आणि खूप रडले.

माझी एकच मागणी आहे, केसपेपरवर प्रतीक्षा यादीतला क्रमांक लिहा. माझ्या पुढे ११ जण आहेत की ७०, एवढं कळलं तरी माणूस हिंमत धरतो. इथे येणारा माणूस शरीराने आधीच थकलेला असतो. त्याला दर वेळी लोकलने आणून "अजून नाही" सांगणं बरोबर नाही.

डॉक्टर, सिस्टर, समाजसेवा विभाग यांना पाचपैकी पाच. वाट बघण्याच्या व्यवस्थेला दोन. तरीही जा म्हणेन. मधुमेह आणि वजन दोन्ही असेल तर उशीर करू नका.

काल फोन आला, २२ तारीख दिली आहे. उद्यापासून पुन्हा मुगाचं पाणी. या वेळी पोळ्या जाऊबाई लाटणार आहेत.