फोटोंचा बॅकअप: रॉ, डीएनजी, टिफ, हीक की जेपीईजी?

कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली फाइल आहे तशी, काहीही न बदलता जपणं म्हणजे बॅकअप. एक्सपोर्ट केली की ती नवी फाइल होते. जेपीईजी जागा वाचवायला थोडा तपशील टाकून देते. जेपीईजीत काढलेला फोटो टिफ (तपशील न टाकणारा, मोठ्या आकाराचा फॉरमॅट) करून ठेवला तर गेलेला तपशील परत येत नाही, जागा मात्र कितीतरी पटीने जाते. म्हणून खरी निवड करायची ती रॉ (कॅमेऱ्याच्या सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढणाऱ्यांनी आणि फोटोवर बरंच काम करणाऱ्यांनी.

मूळ रॉ की डीएनजी (रॉ साठवायचा अॅडोबीचा फॉरमॅट)? मूळ रॉ ठेवली तर कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर कायम वापरता येतं. लाइटरूम या अॅडोबीच्या फोटो सॉफ्टवेअरमधले बदल मात्र रॉमध्ये लिहिले जात नाहीत, ते त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये असतात. ‘एक्सएमपीमध्ये आपोआप लिहा’ हा पर्याय चालू केला की प्रत्येक रॉशेजारी त्या बदलांची छोटी .एक्सएमपी फाइल तयार होते. बॅकअप घेताना नेमकी हीच मागे राहते. अॅडोबीने 2004 साली आणलेल्या डीएनजीत बदल फाइलच्या आतच राहतात. शिवाय फाइल खराब झाली का, हे तपासायची सोय त्यात असते. पण एक शब्दाचा टॅग घातला तरी सगळी फाइल बदलते आणि क्लाउडवर पुन्हा पूर्ण अपलोड होते. शिवाय कॅमेरा कंपनीचं सॉफ्टवेअर बहुधा ती उघडत नाही. नेहमीच्या कॅमेऱ्यासाठी आमचा कौल मूळ रॉ अधिक एक्सएमपीला. डीएनजी करायचीच असेल तर ‘लॉसी कॉम्प्रेशन’ (तपशील टाकून फाइल लहान करणं) बंद ठेवा. ‘मूळ रॉ आत घाला’ हा पर्याय निवडलात तर आकार जवळपास दुप्पट होतो.

टिफ की जेपीईजी? 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बिट (8 बिटपेक्षा रंगाच्या कितीतरी जास्त छटा) टिफमध्ये, कॉम्प्रेशनशिवाय, साधारण 144 एमबी होतो. 8 बिटमध्ये 72. जेपीईजीत तोच बऱ्याचदा 10-12 एमबीत बसतो. त्यामुळे टिफ फक्त दोन ठिकाणी: जुन्या प्रिंट वा निगेटिव्हचं स्कॅन, आणि पुढे आणखी रंगकाम करायचे फोटो. तिथे 16 बिट आणि झिप कॉम्प्रेशन घ्या. एलझेडडब्ल्यू हे दुसरं कॉम्प्रेशन घेतलं तर 16 बिट फाइल लहान व्हायच्या ऐवजी बऱ्याचदा मोठीच होते. प्रोफोटो आरजीबी (रंगांचा खूप मोठा पल्ला) वापरायचं तर 16 बिटमध्येच. 8 बिटमध्ये आकाशाच्या निळ्यात पट्टे उमटतात.

घरच्यांनी बघायची प्रत जेपीईजीच असावी, कारण ती कुठेही उघडते. एक्सपोर्ट करताना क्वालिटी 90 च्या आसपास, रंग एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा पल्ला), ‘आकार बदला’ आणि ‘फाइल साइज मर्यादित करा’ दोन्ही बंद, मेटाडेटा (तारीख, ठिकाण वगैरे माहिती) ‘सर्व’. क्वालिटी 100 केल्याने फाइल फुगते, डोळ्याला फरक क्वचितच दिसतो. पीपीआय (दर इंचातले पिक्सेल) 72 असो की 300, पिक्सेल तेवढेच राहतात. त्यावर वेळ घालवू नका. तीच जेपीईजी उघडून पुन्हापुन्हा सेव्ह करणं टाळा, प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो.

हीक (.HEIC). आयफोनवर 2017 पासून आलेला हा प्रकार जेपीईजीपेक्षा बरीच कमी जागा घेतो. बॅकअपसाठी तो तसाच ठेवा. केबलने संगणकावर उतरवण्याआधी आयफोनवर फोटोंच्या सेटिंगमध्ये ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा. ‘ऑटोमॅटिक’ असेल तर उतरताना जेपीईजी होऊ शकते. लाइव्ह फोटोची .एमओव्ही (छोटा व्हिडिओ) आणि फोनवर केलेल्या बदलांची .एएई फाइल सोबत आली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो बॅकअप समजू नका: तो लहान केलेला असतो, तारीख-ठिकाणाची माहितीही पुसलेली असते.

पीएनजी स्क्रीनशॉटसाठी उत्तम, कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी उगाच जड.

फॉरमॅटइतकंच नावाकडे लक्ष द्या. बऱ्याच कॅमेऱ्यांचा आकडा 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. एकाच फोल्डरमध्ये ओतत गेलात तर नवा फोटो जुन्यावर बसू शकतो. उतरवतानाच नाव वर्ष-महिना-दिवस, वेळ आणि मूळ क्रमांक असं करा. रॉ आणि तिची एक्सएमपी दोघींचं नाव एकत्रच बदलायला हवं, नाहीतर जोडी तुटते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा एसएचए-256 चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेली ओळख) जुळतो का ते पाहा. मेमरी कार्ड त्यानंतरच फॉरमॅट करा.