छोट्या पाणबुडीतली थंडी आणि ओल: हीटर, अस्तर की गरम जॅकेट?

दोघांच्या घरगुती पाणबुडीत हवा असते जेमतेम 2 घनमीटर. 20 अंश सेल्सिअसला तेवढ्या हवेत सुमारे 35 ग्रॅम बाष्प मावतं. स्वस्थ बसलेला माणूस तासाला 40-50 ग्रॅम बाष्प सोडतो, त्यात सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन) माणशी 12-15 ग्रॅमची भर घालतो. झाकण लावल्यावर काही मिनिटांतच थंड कवचावर थेंब धरतात.

आधी थंडी. कवच 6 चौरस मीटर उघडं पोलाद असेल आणि आत-बाहेर 10 अंशांचा फरक राखायचा असेल, तर हीटरला सतत 450-500 वॉट लागतात, म्हणजे 12 व्होल्टवर 40 अँपिअर. 100 अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, त्यामुळे खेळ सव्वा तासाचा. 10 मिलिमीटर बंद-पेशी रबर फोमच्या (ज्यातले बुडबुडे बंद असतात) अस्तराने हीच उष्णतेची गळती 150 वॉटच्या आसपास येते, आणि दोघांच्या अंगची ऊब त्यातलं बरंचसं भागवते. उरलेल्यासाठी 30 वॉटची गरम जॅकेट पुरते. फोमच्या सांध्यांना मात्र टेप हवीच. फटीतून बाष्प शिरलं की मागे पोलाद गंजतं आणि दिसत नाही. वेल्डिंगच्या रेषा आणि झडपांच्या जागा उघड्या ठेवा. गॅसचा हीटर नकोच: तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो.

ओलीसाठी सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे कवचच. तळाजवळ एक पट्टा अस्तराविना ठेवा, त्यावर 3 वॉटचा पंखा फिरवा, पाणी खालच्या खळग्यात उतरू द्या. थंड पाण्यात हे उत्तम चालतं; कोमट पाण्यात नाही. तिथे सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. 1 किलो जेल 200-250 ग्रॅम पाणी धरतं, म्हणजे दोघांना दोनेक तास, आणि धरताना थोडी ऊबही देतं. ते सोडा लाइमच्या नंतरच बसवा, कारण सोडा लाइमला कामासाठी ओल लागते. कोरड्या हवेत तो लवकर निकामी होतो. वापरलेलं जेल भट्टीत 120 अंशांवर तीनेक तास वाळवा. कॅल्शियम क्लोराइड हे ओल शोषणारं मीठ स्वस्त खरं, पण त्याचं खारट पाणी पाणबुडी कलली की सांडतं आणि तारा खातं. पेल्टिअरचं (विजेने थंड होणाऱ्या पट्टीचं) छोटं यंत्र तासाला काही ग्रॅमच काढतं, बॅटरीच्या मानाने अगदीच फालतू.

खिडकीवर धुकं आलं तर पंख्याची झुळूक द्या. काच पुसायचं स्पिरिट किंवा अमोनियाचं द्रावण ॲक्रिलिकच्या खिडकीला लावू नका, बारीक तडे जातात. समुद्रात असाल तर खळग्यातल्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहा: खारट लागला तर ती ओल नव्हे, गळती आहे.